'मॅनेज छान करता, आता लीड करा' म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ग्राहकसेवेच्या एका टीमचे दोन वर्षांपासून प्रमुख आहात. रोस्टर वेळेवर लागतं, रिपोर्ट वेळेवर जातात, टार्गेट बहुतेक महिन्यांत पूर्ण होतं. तरी अप्रेझलमध्ये साहेब म्हणाले, 'मॅनेज छान करता, आता लीड करताना दिसायला हवं', आणि बढती पुढे ढकलली. या दोन्हींत फरक काय, तो शिकता येतो का आणि मुळात मितभाषी असलेल्या माणसाने नेतृत्वाचा कोर्स करावा का, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता एक ओळ लिहिलीय, की कॉल लवकर संपवायच्या टार्गेटवरून टीम कुरकुरते, 'पण ते आपल्या हातात नाही'.

माझं लक्ष त्या जाता जाता लिहिलेल्या ओळीवर अडलं. तिच्याकडे येतो, पण आधी त्या शेऱ्याचं बघू.

साहेबांच्या मनात नेमकं काय होतं हे मला इथे बसून कळणार नाही, आणि हा शेरा भलताच सैल आहे. मी कारखान्यांत देखभाल विभाग सांभाळला, पुढे सगळ्या कामकाजाचा प्रमुख झालो, आता नव्याने प्रमुख झालेल्यांना मदत करतो. एवढ्या काळात हेच वाक्य वेगवेगळ्या अर्थांनी वापरलेलं पाहिलंय. कधी म्हणायचं असतं, 'बारीकसारीक निर्णयासाठी माझ्याकडे येता.' कधी अगदी उलट: 'सगळं स्वतःच ओढता, हाताखाली कुणी तयार झालेलं नाही, मग तुम्हाला वर न्यायचं कसं?' कधी तक्रार एवढीच असते, की दुसऱ्या विभागांबरोबरच्या बैठकीत तुम्ही तोंड उघडत नाही. आणि कधी कधी बढतीला जागाच नसते, नकाराला एक सभ्य कारण हवं असतं.

यातल्या प्रत्येकावर उपाय वेगळा. म्हणून साहेबांकडे पुन्हा जा आणि व्याख्या न विचारता प्रसंग विचारा. 'गेल्या सहा महिन्यांतला एखादा प्रसंग सांगा, जिथे मी वेगळं वागायला हवं होतं असं तुम्हाला वाटलं.' त्यांना प्रसंग सांगता आला तर तुमच्या हाती काही ठोस लागेल. सांगता आला नाही, तर शेऱ्याला किती किंमत द्यायची तेही कळेल. हे विचारताना आवाजात तक्रार नको. बहुतेक साहेबांना असा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे ते जरा विचार करून उत्तर देतात.

आता फरकाकडे वळू. काय करायचं ते ठरलेलं आहे, ते वेळेत, खर्चात आणि दर्जा राखून दर वेळी तसंच व्हावं अशी सोय लावायची, हे व्यवस्थापन. कुणी रजेवर गेलं तरी काम अडू नये, नवीन माणसाला आठवड्याभरात जुळवून घेता यावं, चूक झाली तर लवकर दिसावी, हे सगळं त्यात येतं. नेतृत्वाची गरज पडते ती दुसऱ्या परिस्थितीत. आज जे चाललंय तेच चालू ठेवून पुढे भागणार नाही, वाट पुरती स्पष्ट नाही, आणि त्या वाटेने जाताना कुणाला तरी काहीतरी सोडावं लागणार आहे: जुनी सवय, मान, हक्काचं कौशल्य, किंवा वर दाखवायला सोयीचा असलेला एखादा आकडा. तरीही लोकांना त्या दिशेला न्यायचं असतं, आणि नेणाऱ्यालाही थोडा धोका पत्करावा लागतो. माझी कसोटी साधी आहे. या कामात माझं स्वतःचं काही पणाला लागलंय का? काहीच लागलं नसेल, तर ते बहुधा उत्तम व्यवस्थापन आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

हा वाद जुना आहे. मॅनेजर आणि लीडर ही दोन वेगळ्या घडणीची माणसं असतात, ही मांडणी १९७७ साली हार्वर्डच्या अब्राहम झॅलेझ्निक यांनी केली आणि ती फार गाजली. तिथलेच जॉन कॉटर यांनी १९९० मध्ये ती बरीच जमिनीवर आणली. त्यांच्या मते व्यवस्थापन गुंतागुंत हाताळतं आणि नेतृत्व बदल हाताळतं. दोन्ही स्वतंत्र कामं आहेत आणि संस्थेला दोन्ही लागतात. त्याच्याही आधी हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मागे प्रत्येकी एक आठवडा राहून ते दिवसभर काय करतात ते टिपलं होतं. १९७३ मध्ये त्यांनी मॅनेजरच्या कामाच्या दहा भूमिका मांडल्या, आणि नेतृत्व ही त्यांतली फक्त एक होती. मला हा तिसरा माणूस जवळचा वाटतो, कारण त्याने लोकांना विचारलं नाही, पाहिलं. एकच माणूस सकाळी दहाला रोस्टर लावतो आणि अकराला कुणाला तरी न रुचणारी गोष्ट सांगतो. दहा वाजता तो मॅनेजर आणि अकराला लीडर, अशी पाटी कुणी बदलत नाही. माणसांची जातवारी सोडा, कामाची वाटणी पाहा.

हे मुद्दाम सांगतोय, कारण मोबाईलवर फिरणारं ते चित्र तुम्हीही पाहिलं असेल. बॉस गाड्यावर बसून बोट दाखवतोय, लीडर सगळ्यांच्या पुढे दोर ओढतोय. मला ते चित्र बिलकूल आवडत नाही. प्रमुखच दोर ओढत बसला, तर रस्ता चुकलाय हे कोण बघणार? तुमच्यासारखे कष्टाळू प्रमुख नेमके त्यात अडकतात: गर्दीच्या वेळी स्वतः कॉल घेतात, त्याला नेतृत्व समजतात, आणि महिनाअखेरीला मान वर करून बघायला वेळ मिळालेला नसतो. अडल्यावेळी कॉल जरूर घ्या. फक्त त्याला दुसरं नाव देऊ नका.

व्यवस्थापन म्हणजे खालची पायरी हा समजही मनातून काढा. गूगलने २००२ मध्ये अभियंत्यांच्या वरचे मॅनेजर काढून टाकायचा प्रयोग केला होता. तो काही महिनेच टिकला, कारण खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागलं. दुसरा दाखला भारतातल्या कापड कारखान्यांचा. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कारखान्यांत सल्लागार पाठवून अगदी प्राथमिक गोष्टी लावून दिल्या: साठ्याची नोंद, दोषांची रोजची नोंद, यंत्रांची वेळच्या वेळी देखभाल. पहिल्याच वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कुणी भाषण केलं नव्हतं, कुणी स्वप्न दाखवलं नव्हतं. तुमचं रोस्टर वेळेवर लागतं ही फार मोठी जमेची बाजू आहे. ज्याचं रोस्टरच लागत नाही, त्याने बदलाची भाषा केली तर टीम एकमेकांकडे बघून हसते.

मग कमी काय पडतं? माझ्या डोळ्यांसमोरचं एक उदाहरण देतो.

एका देखभाल विभागात बिघाडांची नोंद संगणकावर करायची ठरली. तिथल्या प्रमुखाने तयारी चोख केली होती. प्रशिक्षण झालं, प्रत्येकाला लॉगिन मिळालं, तारीख ठरली, रोजचा फॉलोअप सुरू झाला. महिना उलटला तरी नोंदी जवळपास रिकाम्या. त्याने आणखी एक प्रशिक्षण घेतलं, मग लेखी समज दिली. नोंदी वाढल्या, पण 'यंत्र बंद, दुरुस्त केलं' एवढ्याच. वरून पाहता हा व्यवस्थापनाचा प्रश्न होता, आणि तो व्यवस्थापनाचीच हत्यारं परजत होता.

खाली उतरून बोलल्यावर दोन गोष्टी समोर आल्या. सगळ्यात जुन्या मेकॅनिककडे स्वतःची डायरी होती. कोणतं यंत्र कोणत्या आवाजानंतर बंद पडतं, हे सगळं त्यात. रात्री-अपरात्री त्याला बोलावणं यायचं ते त्या डायरीमुळे. ती संगणकावर गेली की त्याचं महत्त्वही गेलं, हे त्याला नवीन यंत्रणा आणणाऱ्यांच्या आधी कळलं होतं. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. आजवर छोटे बिघाड कुणी नोंदवतच नव्हतं. ते नोंदवायला लागलो की बिघाडांचा आकडा फुगणार, आणि विभागाचं वार्षिक मूल्यमापन त्याच आकड्यावर. म्हणजे प्रामाणिक नोंद करणाऱ्याचंच नुकसान. लोक आळशी नव्हते, त्यांचा हिशेब बरोबर होता.

यावर कितीही फॉलोअप केला तरी उपयोग नव्हता. त्या प्रमुखाने दोन गोष्टी केल्या. मेकॅनिकला त्याने बिघाडांचे प्रकार ठरवायला बसवलं, आणि नवीन मुलांच्या नोंदी त्याच्याकडून तपासून घेणं हे त्याचं अधिकृत काम केलं. डायरीचं मोल गेलं हे खरं, पण ती लिहिणाऱ्याला नवं स्थान मिळालं. दुसरं म्हणजे तो स्वतः कारखान्याच्या प्रमुखाकडे गेला आणि म्हणाला, 'पुढचे तीन महिने आमचे बिघाड वाढलेले दिसतील. यंत्रं बिघडलेली नसतील, आपल्याला दिसायला लागलेलं असेल. या काळात हा आकडा माणसांच्या मूल्यमापनात धरू नका. चौथ्या महिन्यातही चढाच राहिला तर मला विचारा.' परत येऊन आपण काय बोलून आलो ते त्याने टीमला जसंच्या तसं सांगितलं. नोंदी भरू लागल्या त्या इथून पुढे.

माझ्या मते त्या विभागात नेतृत्व घडलं ते त्या वरच्या केबिनमधल्या पाच मिनिटांत. लोक समजतात, नेतृत्व म्हणजे खाली बघून बोलणं. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग वरच्या दिशेने असतो: आपल्या माणसांना खरं बोलता यावं म्हणून आपण वर जाऊन थोडा धोका पत्करणं. आणि 'मला विचारा' हे शब्द कुठल्याही प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात बसत नाहीत.

मोठ्या पातळीवर याचीच एक प्रसिद्ध गोष्ट आहे. २००६ मध्ये ॲलन मुलॅली फोर्ड कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी दर आठवड्याला आढावा बैठक सुरू केली आणि प्रत्येक कामाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायला सांगितलं. कंपनीचा त्या वर्षीचा तोटा १२ अब्ज डॉलरांच्या वर गेला, आणि सुरुवातीच्या बैठकांत सगळ्यांचे तक्ते हिरवेगार. शेवटी मार्क फील्ड्स या अधिकाऱ्याने एका नव्या गाडीत दोष आढळल्यामुळे तिचं काम लाल दाखवलं. खोलीत शांतता पसरली, आणि मुलॅलींनी टाळ्या वाजवल्या. मग यात कुणाची मदत लागेल, असं त्यांनी इतरांना विचारलं. पुढे इतरांच्या तक्त्यांतही रंग दिसू लागले. रंगांचा तक्ता हे निव्वळ व्यवस्थापनाचं साधन. पण त्यात पहिला लाल रंग भरायला एकाला धीर लागला, आणि तो भरल्यावर शिक्षा होणार नाही हे दुसऱ्याने सगळ्यांसमोर दाखवून दिलं. धीर दाखवणारा तिथे हाताखालचा अधिकारी होता, हे विसरू नका. तुमची जागा त्याच बाजूला आहे.

आता तुमची ती ओळ.

कॉल सरासरी किती वेळात संपतो यावर टार्गेट, आणि टीमची कुरकुर. तुमच्या कंपनीचे आकडे मला माहीत नाहीत, तरी अशा टार्गेटखाली काय होतं ते मी पाहिलंय. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माणूस कॉल आटोपता घेतो. 'तुमची तक्रार नोंदवली आहे, संबंधित विभाग संपर्क करेल' म्हणतो आणि पुढचा कॉल उचलतो. वेळ कमी दिसते. तोच ग्राहक तीन दिवसांनी पुन्हा फोन करतो, जास्त चिडून, आणि तो कॉल दुसऱ्याच्या नावावर मोजला जातो. ज्याला नीट उत्तर द्यायचंय तो आकड्यात मागे पडतो. तुमच्याकडे असंच होत असेल, तर कुरकुर करणाऱ्या माणसांना कंपनीच्या भल्याची काळजी आहे, आणि तुमचं 'आपल्या हातात नाही' हे त्यांना दार बंद झाल्यासारखं ऐकू येतं. टार्गेट ठरवणं तुमच्या हातात नाही, कबूल. त्याबद्दल वर काय पोहोचतं, ते मात्र बरंचसं तुमच्या हातात आहे.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आधी कुरकुर खरी आहे का ते तपासलं असतं. एका महिन्याचे कॉल घ्या आणि एकाच ग्राहकाने एकाच कारणासाठी सात दिवसांत पुन्हा फोन केला असे कॉल वेगळे काढा. ते सर्वांत झटपट संपवलेल्या कॉलमधून येतात की सावकाश हाताळलेल्या कॉलमधून, हे पाहा. टीमचं म्हणणं आकड्यांत दिसलं नाही, तर टीमला तसं तोंडावर सांगा. तेही सोपं काम नाही आणि तेही नेतृत्वाच्याच खात्यातलं आहे. दिसलं, तर साहेबांकडे टार्गेट रद्द करायची मागणी घेऊन जाऊ नका. छोटा, उलटा फिरवता येईल असा प्रयोग मागा: 'चार जणांसाठी एक महिना वेळेचं टार्गेट बाजूला ठेवू, त्याऐवजी पहिल्याच कॉलमध्ये किती प्रश्न सुटले आणि पुन्हा किती फोन आले ते मोजू. या काळात टीमची कॉलची सरासरी वेळ थोडी वर जाईल, त्याचं उत्तर मी देईन.'

चार जण निवडताना एक अडचण येते. सगळे सर्वांत चांगले घेतले तर निकालावर कुणी विश्वास ठेवणार नाही. सगळे कच्चे घेतले तर प्रयोग बुडेल. मिसळून घ्या, आणि उरलेल्यांना आपण का वगळले गेलो ते आधीच सांगा.

यात बरंच काही बाहेरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. साहेब नवे असतील आणि स्वतःच दडपणाखाली असतील, तर पहिल्या भेटीत फक्त आकडे दाखवा, मागणी दुसऱ्या भेटीत. टीममध्ये अर्धे लोक नवखे असतील, तर हा प्रयोग थांबवा. नवख्यांना आधी चाकोरी लागते. जिथे चूक जिवावर बेतते अशा कामात प्रयोगाची पद्धत पूर्ण निराळी असते, पण तुमचं काम तसं नाही. आणि कंपनीत वाईट बातमी आणणाऱ्याला खरोखरच किंमत मोजावी लागते असा अनुभव असेल, तर उगाच शूर होऊ नका. एखादा ज्येष्ठ सहकारी सोबतीला घ्या, लेखी टिपण ठेवा, आणि प्रयोगाऐवजी निरीक्षण म्हणून मांडा.

हे करायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न पडेलच. इथे साहेबांच्या शेऱ्याचा दुसरा संभाव्य अर्थ, 'सगळं स्वतःच ओढता' हा, उपयोगी पडतो. रोस्टरचं काम दुसऱ्या कुणाला द्या, पण त्यातले निर्णयही द्या. नुसतं काम दिलं तर तो माणूस दर तासाला विचारायला येईल आणि तुमचा वेळ तेवढाच जाईल. काय न विचारता ठरवायचं, काय ठरवून नंतर कळवायचं आणि कशासाठी आधी विचारायचं, हे एकदा कागदावर लिहून द्या. पहिल्या पंधरवड्यात तो एखादी रजा तुम्ही दिली नसती अशी देईल. ती फिरवायची नाही. एकदा फिरवलीत की त्याच्या दृष्टीने निर्णय तुमच्याकडेच राहिला, आणि टीमच्याही.

स्वभावाचं म्हणाल, तर वर सांगितलेला देखभाल विभागाचा प्रमुख चार लोकांत फारसा बोलत नसे. त्याने भाषण केलं नाही, एक अवघड वाक्य योग्य माणसासमोर बोलला. मितभाषी माणसाला एक फायदाही असतो, लोक त्याच्याशी जास्त बोलतात. अडचण एकाच ठिकाणी येते. गप्प राहिलेल्या प्रमुखाच्या मनात काय चाललंय हे टीमला कळत नाही, आणि लोक मग बहुधा वाईटच गृहीत धरतात. तेवढ्यापुरतं बोलायला शिका. वर काय मांडलं, काय उत्तर आलं, पुढे काय, हे तीन मुद्दे आठवड्यातून एकदा टीमला सांगा. 'अजून उत्तर आलेलं नाही' हेही सांगण्यासारखं असतं.

शिकता येतं का? येतं, पण कोर्समध्ये थोडं आणि कामात बरंच. कोर्स करणार असाल तर आधी चौकशी करा, की तिथे तुमचा चालू प्रश्न घेऊन बसता येतं का, आणि तो सोडवताना कुणी तुमचा पिच्छा पुरवतं का. स्वभावाची चाचणी, थोर माणसांच्या गोष्टी आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढंच असेल तर ते दोन दिवस सात दिवसांत परत आलेले कॉल मोजण्यात घालवा. आणि साहेबांना प्रसंग विचारायला जाल तेव्हा तो हिशेब हातात असू द्या. त्यांनी प्रसंग सांगितला तर ऐकून घ्या, नाही सांगितला तर कागद पुढे सरकवा.